घराखालच्या छोट्या जपानी हॉटेलात पहिल्यांदा कसं जावं?

प्रश्न थोडक्यात असा: तोक्योत निशी-कासाईला राहायला येऊन चार महिने झाले. इमारतीच्या खालीच आठ-दहा खुर्च्यांचं एक जपानी हॉटेल आहे. संध्याकाळी भाजलेल्या मासळीचा वास जिन्यापर्यंत येतो. नवरा मालवणकडचा, मासे खाणारा. बायको पूर्ण शाकाहारी. दोघांनाही भाषा जेमतेम येते. दारावर पडदा, काच धुरकट, बाहेर भाव लिहिलेले नाहीत. आत जावं का, आणि गेलं तर काय करावं?

जा. पहिल्यांदा दुपारी जा, आणि शाकाहाराबद्दल जे काही विचारायचं असेल ते खुर्चीवर बसायच्या आधी, दारात उभं राहूनच विचारा. बाकी चुका झाल्या तरी चालतात. ही एक गोष्ट मागे राहिली की जेवणारा आणि करणारा दोघंही अवघडून बसतात, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

कुठून पाहिलंय ते सांगतो. विद्यार्थी म्हणून इथं आलो तेव्हा आठवड्याला २८ तास कामाची परवानगी होती. तुमच्याच तोझाई लाइनवर मोनझेन-नाकाचोच्या एका गल्लीत नऊ खुर्च्यांचं दुकान होतं, तिथं भांडी घासायला लागलो. पुढे भात लावायला मिळाला, मग लोणची, मग भट्टी. शिक्षण संपल्यावर रीतसर नोकरीही तिथंच केली. एकूण अकरा वर्षं. आतला माणूस बाहेरून येणाऱ्याकडे कसा बघतो हे मी आत उभं राहून शिकलो, त्यामुळे उत्तरही आतूनच देतो.

अशा दुकानात बहुतेक वेळा दोनच माणसं असतात. शिजवणारा मालक, त्याला ताइशो म्हणतात. बाहेरचं बघणारी त्याची बायको, ती ओकामि-सान. आमचे ताइशो पहाटे तोयोसूच्या बाजारात जायचे (२०१८ पर्यंत हा घाऊक मासळीबाजार त्सुकिजीला होता), येताना त्या दिवसापुरतीच मासळी आणायचे. अमुक इतके बांगडे, तमुक इतके तुकडे. भातही तांदूळ मोजून लावायचा. फ्रिज आपल्या घरातल्यापेक्षा फार मोठा नव्हता. म्हणजे घरच्या स्वयंपाकघरासारखंच सगळं: जे आणलंय ते आहे, जे नाही ते नाही. मोठ्या हॉटेलात 'याच्यातलं हे काढा, ते घाला' हे चालून जातं. इथं ऐनवेळी सांगितलं तर त्या माणसाकडे दुसरं काही नसतंच. नाही म्हणताना तो जो कसनुसा चेहरा करतो, तो तुम्ही आवडला नाहीत म्हणून नसतो. आपल्या दारात आलेला माणूस आता उपाशी उठणार, याचा तो चेहरा असतो.

आता दारापासून. पडद्याला नोरेन म्हणतात. नोरेन बाहेर टांगलेला असेल तर दुकान उघडं, आत घेतला असेल तर बंद. शेजारी लाकडी पाटी असते, तिच्यावर तीन अक्षरं. 'उघडं आहे' आणि 'तयारी चालू आहे' या दोन्ही पाट्यांचं शेवटचं अक्षर एकच, चौकोनातून आरपार गेलेली उभी रेघ, म्हणून नवखा माणूस गोंधळतो. पहिलं अक्षर बघा. त्याच्या डोक्यावर तीन छोटे फटकारे असतील तर उघडं. त्याच्या डाव्या अंगाला पाण्याच्या थेंबांसारखे तीन फटकारे असतील तर अजून तयारी चालू आहे, नंतर या. दार सहसा सरकवायचं असतं. अर्धंच उघडा, आत डोकावा, दोन बोटं दाखवा आणि म्हणा, 'फुतारि देस, दाइजोबु देस का?' दोघं आहोत, चालेल का? एवढ्या बोलण्यावर तुमची भाषा किती येते हे त्यांना कळतं आणि पुढचं सगळं ते खुणांनी सांभाळून घेतात.

दुपार का, तर दुपारी थाळी असते. तेइशोकु म्हणजे आपल्या खानावळीतली थाळीच समजा: भात, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) घातलेलं सूप, थोडं लोणचं, एखादी छोटी भाजी आणि मधोमध मुख्य पदार्थ. त्यातही 'हिगावारि', म्हणजे रोज बदलणारी आजची थाळी, बहुधा फळ्यावर खडूनं लिहिलेली असते आणि भावही तिथंच असतो. साधारण हजार येनच्या आसपास. काहीही वाचता आलं नाही तरी 'हिगावारि, ओनेगाइ शिमास' म्हटलं की काम होतं. बाराला मात्र जाऊ नका. बारा ते एक ऑफिसवाल्यांची घाई असते, ताइशोला मान वर करायला फुरसत नसते. एक वाजून गेला की जा. दीडच्या सुमाराला शेवटची ऑर्डर घेतात, त्याच्या आत बसा.

ट्रे समोर आला की भाताची वाटी डावीकडे, सूप उजवीकडे असेल. इथं आपल्या लोकांचा हात अडतो. लहानपणापासून डावा हात अन्नाला लावायचा नाही असं बिंबलेलं, आणि जपानी जेवणात भाताची वाटी डाव्या हातात उचलून तोंडाजवळ न्यायची असते. ट्रेवर ठेवलेल्या वाटीवर वाकून जेवणं त्यांना बरं वाटत नाही. सूपही वाटी उचलून ओठाला लावूनच प्यायचं, चमचा मिळणार नाही. पहिले दोन दिवस अवघड जातं, मग सवय होते.

काड्यांच्या बाबतीत पंचवीस नियम सांगणारे भेटतील. दोनच पाळा, कारण ते मरणाशी जोडलेले आहेत. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, तसा भात मृताच्या उशाशी ठेवतात. आणि एकाच्या काड्यांमधून दुसऱ्याच्या काड्यांमध्ये घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर नातेवाईक अस्थी तशा काड्यांनी वेचतात. पिंड आणि अस्थी म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. बायकोला एखादा तुकडा द्यायचाच असेल तर तिच्या छोट्या बशीत ठेवा.

मासे खाणाऱ्यासाठी आता थोडं सविस्तर, कारण मालवणच्या माणसाला इथं खरं सुख आहे. थाळीत बहुतेक वेळा साबा येईल, म्हणजे आपल्या बांगड्याचा थोराड भाऊ. मीठ लावून नुसता भाजलेला, ना तिखट ना कोकम. पहिल्या घासाला फिका वाटेल. दुसऱ्या घासाला त्याच्या चरबीची चव कळायला लागेल. शेजारी किसलेल्या पांढऱ्या मुळ्याचा ओला ढीग असतो, दाइकोन-ओरोशी. सोया सॉसचे दोन थेंब मुळ्यावर टाका, माशावर नको, आणि माशाच्या तुकड्याबरोबर तो मुळा चिमूटभर घ्या. चरबी कापली जाते, तोंड पुढच्या घासाला मोकळं होतं. शरदात सान्मा येतो, लांब, तलवारीसारखा, अख्खा भाजलेला. गेल्या काही वर्षांत तो कमी सापडतो आणि महागही झालाय, पण फळ्यावर दिसला तर सोडू नका.

अख्खा मासा काड्यांनी खायची पद्धत अशी. डोकं डावीकडे असतं. डोक्यापासून शेपटीपर्यंत मध्यरेषेवर काड्यांचं टोक फिरवून चीर पाडा. आधी वरची बाजू पाठीकडून खा, मग पोटाकडची. वरचं मांस संपलं की मासा उलटायचा नाही. मधला काटा शेपटीकडून उचलत डोक्यासकट सावकाश वेगळा करा आणि बशीच्या वरच्या कडेला ठेवा. आता खालचं मांस मोकळं. आमच्याकडे ताइशो परत आलेल्या बशीकडे बघायचे. काटा अख्खा, बाकी बशी स्वच्छ, अशी बशी आली की ती माझ्याकडे देण्याआधी क्षणभर हातात धरून ठेवायचे. कोकणातल्या माणसाला काटे काढायला शिकवावं लागत नाही, फक्त बोटांच्या जागी काड्या येतात. एवढं एक जमलं तर भाषा न येताही तुमची ओळख झाली म्हणून समजा.

आता शाकाहार. इथं मी कोणालाही खोटा धीर देणार नाही.

अडचण मांसाची नाही, अडचण दाशीची आहे. कोम्बु हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक वाळवलेला मासा, यांचं पाणी म्हणजे दाशी. सकाळी मी ती लावायचो. कोम्बु थंड पाण्यात भिजत घालायचा, पातेलं मंद आचेवर चढवायचं, पाण्याला उकळी फुटायच्या आत कोम्बु काढून घ्यायचा. मग किसलेल्या कात्सुओबुशीचे गुलाबी पापुद्रे मूठमूठ सोडायचे, ते तळाशी बसले की कापडातून गाळायचं. पिळायचं नाही, पिळलं तर वास उग्र होतो. ते सोनेरी पाणी दिवसभर सगळीकडे जातं: मिसो सूपमध्ये, शिजवलेल्या भाजीत, पालकावर, अंड्याच्या वळकटीत, तळलेल्या तोफूवरच्या, म्हणजे सोयाच्या पनीरवरच्या रसात, सोबाच्या, म्हणजे कुट्टूच्या शेवयांच्या वाटीत. आमटीला फोडणी, तशी जपानी स्वयंपाकाला दाशी. फरक असा की फोडणी आयत्या वेळी वगळता येते, दाशी सकाळीच आत गेलेली असते. तिची चव इतकी खोल का, हेही इथंच शोधलं गेलं. १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी कोम्बुमधलं ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. १९१३ साली शिन्तारो कोदामा यांना कात्सुओबुशीत इनोसिनेट सापडलं. ही दोन एकत्र आली की चव नुसती बेरीज होऊन थांबत नाही, कितीतरी पटीनं चढते. ताइशोला दाशीशिवाय काही करून द्या म्हणणं म्हणजे काय मागणं आहे, हे यावरून लक्षात येईल.

दुसरी गोष्ट भाषेची. 'निकु नाशि', मांस नको, एवढंच म्हटलंत तर मासे येणार हे नक्की, कारण निकु या शब्दात मासा येत नाही. बटाट्याच्या सॅलडमध्ये हॅमचे तुकडेही येऊ शकतात, कारण अनेकांच्या डोळ्यांसमोर निकु म्हणजे गाईचं किंवा डुकराचं मोठं मांस असतं. यात कोणाची फसवणूक नाही, शब्दाचा आवाका वेगळा आहे.

म्हणून घरून निघायच्या आधी दोघांनी बसून एक ठरवा: दाशी चालेल की नाही? याचं उत्तर बायकोनं द्यायचं, नवऱ्यानं तिच्या वतीनं द्यायचं नाही. इथं राहणारे काही शाकाहारी लोक मासा दिसत नसेल तर रस चालवून घेतात, काहींना ते अजिबात चालत नाही. दोन्ही बरोबर आहे, पण दारात सांगायचं वाक्य त्यावरून बदलतं. चालत असेल तर 'दाशि वा दाइजोबु देस' म्हणा, अर्धा फळा तुमचा झाला. चालत नसेल तर हे वाक्य कागदावर लिहून न्या: 'त्सुमा वा निकु तो साकाना गा ताबेरारेमासेन. कात्सुओ नो दाशि मो दामे देस. ताबेरारेरु मोनो वा आरिमास का?' बायको मांस आणि मासे खाऊ शकत नाही, कात्सुओची दाशीही नको, खाता येईल असं काही आहे का? नाही म्हणाले तर हसून 'आरिगातो गोझाइमास' म्हणा आणि निघा. त्या दिवशी निघून येणं दोघांच्याही सोयीचं असतं.

दाशीशिवायचं काय मिळू शकतं? एदामामे, म्हणजे उकडलेल्या कोवळ्या सोयाशेंगा. थंड तोफू, हियायाक्को, पण 'कात्सुओबुशि नुकि दे' म्हणायला विसरू नका, नाहीतर वर पापुद्रे पेरून येतो. भाजलेली वांगी मिळतात, त्यांच्यावरही तेच पापुद्रे असतात, तेच वाक्य वापरा. गार टोमॅटो, मिसोबरोबर काकडी, भट्टीवर भाजलेले शिइताके (एक प्रकारची अळंबी) किंवा हिरव्या मिरच्या, मीठ लावून. साधा भात आणि नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला पातळ कागद. नात्तो, म्हणजे आंबवलेलं चिकट सोयाबीन, खायची तयारी असेल तर त्याच्या पुडीतला रस टाकून द्या, साधा सोया सॉस घाला. तळलेलं मागाल तर ज्या तेलात मासे तळले तेच तेल असेल. अंडं चालत असलं तरी अंड्याच्या वळकटीत दाशी असते. यात पोट भरतं का? भरतं, पण जेवल्याचं समाधान नवऱ्याइतकं मिळणार नाही, हे आधीच माहीत असावं. बौद्ध मठांतलं शोजिन जेवण पूर्ण शाकाहारी असतं, त्यात दाशी कोम्बु आणि वाळलेल्या शिइताकेची. पण ते गल्लीतल्या दुकानात मिळणारं नव्हे.

एक प्रसंग सांगायलाच हवा. आमच्याकडे एकदा एक मराठी जोडपं आलं होतं. मी आत भट्टीवर होतो. त्यांनी बोटानं दाखवून आगेदाशि-तोफू मागवला, तळलेला तोफू गरम रसात. ताईंनी सगळा रस पिऊन वाटी खाली ठेवली आणि मराठी ऐकून मला विचारलं, 'दादा, यात नॉनव्हेज काही नाही ना?' मला खरं सांगावं लागलं. त्या रडल्या नाहीत, बोलल्याही नाहीत, नुसत्या वाटीकडे बघत राहिल्या. ताइशोंना मी समजावून सांगितलं तेव्हा ते काउंटरच्या मागून बाहेर आले आणि कमरेत वाकून उभे राहिले. चूक त्यांची नव्हती, कोणी काही सांगितलंच नव्हतं. त्या रात्री दुकान बंद केल्यावर त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडचे असे लोक किती? आणि दुसऱ्या दिवसापासून फ्रिजमध्ये एक छोटी बरणी दिसायला लागली, पाण्यात कोम्बु आणि सुके शिइताके रात्रभर भिजत घातलेले. रोज संध्याकाळी कोणी आलं नाही की आम्ही दोघं ते पाणी आमच्याच भाजीत वापरायचो. ते जोडपं दोन महिन्यांनी आलं. बरणी त्या दिवशीही भरलेली होती.

प्रत्येक दुकानात अशी बरणी असेल असं मी म्हणत नाही. पण आधी कळलं तर हे लोक काय करतात, ते मी पाहिलंय.

दुपारच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या की संध्याकाळी जा, उघडल्या उघडल्या, पाच-साडेपाचला. संध्याकाळची रीत वेगळी असते. बसल्यावर ओशिबोरी, ओला रुमाल, येईल. तो हात पुसायला. मग न मागता एक छोटी वाटी येईल, ओतोशी. तिचे माणशी तीनशे-चारशे येन बिलात लागतात. ही लुबाडणूक नव्हे, जागेचं भाडं म्हणा. तिच्यात बहुधा दाशीतलं काहीतरी असतं, म्हणून बायकोची वाटी आधीच नको म्हणून सांगा. संध्याकाळी नुसत्या पाण्यावर बसू नका. दारू घेत नसाल तर ऊलोंग चहा मागवा, पण माणशी एक पेय घ्याच, त्यांची मिळकत त्याच्यावर असते. सगळं एकदम मागवू नका, दोन-दोन पदार्थ मागवत जा. भिंतीवर चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या म्हणजे आजची खरेदी. फोनच्या भाषांतरावर फार विसंबू नका, 'क्यो नो ओसुसुमे वा?', आजचं चांगलं काय, हे विचारलेलं बरं. एखाद्या माशापुढे भावाऐवजी 'जिका' लिहिलं असेल तर तो बाजारभावानं, आधी किंमत विचारायला अजिबात संकोच नको. दोघांचं सगळं मिळून सहा ते आठ हजार येनमध्ये भागावं.

रोख पैसे जवळ ठेवा. पैसे हातात न देता छोट्या तबकात ठेवायचे. टीप ठेवलीत तर ओकामि-सान रस्त्यापर्यंत परत द्यायला धावत येईल. उरलेलं बांधून मागू नका, शिळं खाऊन कोणाला बाधलं तर दुकानावर येतं, म्हणून देत नाहीत. मागवतानाच बेतानं मागवा. गावाकडून सहा-सात पाहुणे आले तर न सांगता नेऊ नका, नऊपैकी सात खुर्च्या म्हणजे रोज येणाऱ्या म्हाताऱ्यांना परत जावं लागतं. मुलं बरोबर असतील तर दारावरचा धूम्रपानाचा स्टिकर बघा. २०२० पासून तोक्योत नोकर असलेल्या हॉटेलांत आत सिगारेट बंद आहे, पण फक्त घरच्या माणसांवर चालणाऱ्या छोट्या दुकानांना मुभा आहे, आणि जिथं ओढतात तिथं वीस वर्षांखालच्यांना नेता येत नाही.

उठताना 'गोचिसोसामा देशिता', म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणा, ताइशोकडे बघून, त्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात. जेवणाआधी श्लोक म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

आणि दिवस कोणता निवडावा म्हणाल, तर पावसाचा मंगळवार. महिन्याची दहा-बारा तारीख, पगार अजून लांब, बाहेर संततधार. अशा संध्याकाळी आमच्या नऊ खुर्च्यांपैकी सात रिकाम्या असायच्या आणि ताइशो दर दहा मिनिटांनी दार सरकवून रस्ता बघायचे. तेव्हा जा. छत्री बाहेरच्या बादलीत ठेवा, दोन बोटं दाखवा, आणि ती चिठ्ठी पुढे करा. ती वाचायला त्यांच्याकडे भरपूर वेळ असेल.